ब्राउझरमधील स्वयंचलित काम वर्कफ्लो सेवेशी कसे जोडावे: सांगलीतील एका अडत दुकानाचे उदाहरण

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात रोज सकाळी होणारे काम मी या लेखासाठी उदाहरण म्हणून घेतले आहे. या दुकानातून हळद आणि बेदाणा बाहेरगावच्या खरेदीदारांकडे रवाना होतो. त्यांपैकी एका मोठ्या खरेदीदाराने पुरवठादारांसाठी संकेतस्थळ ठेवले असून कोणता लॉट पोहोचला, किती वजन मान्य झाले आणि कोणत्या बिलाची रक्कम कधी जमा होणार, हे तेथे लॉगिन केल्यावरच दिसते. दुकानाचे दिवाणजी रोज ते पान उघडत, तारीख निवडून फाइल उतरवून घेत, तिच्यातील ओळी गुगल शीटमध्ये चिकटवत आणि मग मालकांना व वाहतूक पाहणाऱ्या माणसाला टेलिग्रामवर कळवत. सौदे सुरू होण्याआधीचा पाऊण तास यातच जाई. हे काम आपोआप कसे करता येते, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

अशा जोडणीत दोन यंत्रणा असतात. एक ब्राउझर चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, आणि दुसरी झेपियर, मेक किंवा एन-एट-एन (n8n) यांसारखी वर्कफ्लो सेवा, म्हणजे ठरवून दिलेली कामे एकापाठोपाठ आपोआप करणारी सेवा. या दोन्ही स्वतंत्रपणे शिकणे फारसे अवघड नाही. मात्र माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा या दोघींच्या मधल्या सांध्यावर होतो, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या सांध्यासाठीच दिला आहे.

आधी ब्राउझर लागतो का, ते पाहावे

ब्राउझर चालवून माहिती काढणे हा शेवटचा मार्ग समजावा. माहिती एपीआयने, म्हणजे प्रोग्रामला थेट माहिती मागता येईल अशा अधिकृत सोयीने, मिळत असेल, तर ब्राउझरच्या वाटेला जाऊ नये. बाजारभावांचेच उदाहरण पाहा. अ‍ॅगमार्कनेटवरचे रोजचे बाजार समित्यांचे भाव केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या मंचावर एपीआयद्वारे उपलब्ध आहेत. नोंदणी करून किल्ली (ओळखीचा गुप्त क्रमांक) घेतली की वर्कफ्लो सेवेतला साधा एचटीटीपी विनंतीचा नोड, म्हणजे वर्कफ्लोतला एक टप्पा, ते भाव आणू शकतो, आणि तेवढ्यासाठी पान उघडून तक्ते वाचणारी स्क्रिप्ट लिहिणे म्हणजे कष्ट वाया घालवणे होय. तसेच अनेक कंपन्या विनंती केल्यास तोच अहवाल रोज ईमेलने पाठवतात. ईमेलला जोडलेली फाइल उचलण्याची सोय वर वर्णन केलेल्या तिन्ही सेवांत तयार असते.

एपीआयही नाही आणि ईमेलही नाही, असे स्पष्ट झाल्यावर संकेतस्थळाच्या मालकाची परवानगी लेखी घ्यावी. आपल्याच खात्यातली माहिती असली तरी संकेतस्थळाच्या अटींत स्वयंचलित वापराला मनाई असू शकते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणक प्रणालीत शिरणे आणि तिच्यातील माहिती उतरवून घेणे यांबद्दल भरपाईची तरतूद आहे. आमच्या बाबतीत एका ईमेलने काम झाले. खरेदीदाराने होकार दिला आणि त्याच वेळी फक्त अहवाल पाहता येतील असे वेगळे खातेही काढून दिले. असे मर्यादित अधिकारांचे खाते मिळाले, तर पुढच्या निम्म्या काळज्या मिटतात. जेथे कॅप्चा आहे किंवा दर वेळी ओटीपी लागतो, तेथे त्याला बगल देण्याचे उपाय शोधू नयेत. तेथे माणसाने लॉगिन करावे आणि पुढचे काम स्क्रिप्टने करावे.

कामाची वाटणी

ब्राउझरच्या स्क्रिप्टने माहिती आणावी आणि वर्कफ्लो सेवेने ती वाटावी, अशी वाटणी पहिल्या दिवशीच ठरवावी आणि नंतर मोडू नये. स्क्रिप्टला गुगल शीटचा किंवा टेलिग्रामचा पत्ता ठाऊक असू नये, आणि सेवेला खरेदीदाराच्या संकेतस्थळाचा पासवर्ड ठाऊक असू नये. याचा फायदा पुढे दिसतो. संकेतस्थळाची मांडणी बदलली तर केवळ स्क्रिप्ट दुरुस्त करावी लागते. निरोप आणखी एका माणसाला जायला हवा असेल, तर दिवाणजी स्वतःच वर्कफ्लोच्या पडद्यावर तो बदल करू शकतात, त्यासाठी प्रोग्रामरची वाट पाहावी लागत नाही.

ब्राउझर चालवणाऱ्या साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. सेलेनियम २००४ पासून वापरात आहे, गुगलच्या क्रोम गटाचे पपेटिअर २०१७ मध्ये आले आणि मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० मध्ये. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्लेराइट घ्यावे, असे माझे मत आहे, कारण बटण दिसेपर्यंत आणि ते दाबता येण्याजोगे होईपर्यंत ते स्वतः थांबते.

सेवा निवडताना आधी मोजणीची पद्धत समजून घ्यावी. झेपियर यशस्वी झालेली प्रत्येक कृती मोजते, मेकमध्ये प्रत्येक मॉड्यूलचे, म्हणजे टप्प्याचे, चालणे मोजले जाते, तर एन-एट-एनच्या क्लाउड सेवेत संपूर्ण वर्कफ्लो एकदा चालला की एक मोजणी होते. साठ ओळींचा अहवाल ओळ-ओळ करून पाठवला आणि प्रत्येक ओळीवर तीन कृती असल्या, तर झेपियरमध्ये एका सकाळीच १८० कृती खर्ची पडतील. शिवाय झेपियरमधील वेबहूकची, म्हणजे बाहेरून पाठवलेली माहिती स्वीकारणाऱ्या इंटरनेट पत्त्याची, सोय सशुल्क योजनेतच मिळते. एन-एट-एन स्वतःच्या संगणकावर विनाशुल्क बसवता येते, आणि दुकानाचे हिशेब दुकानातच राहावेत या विचाराने आम्ही तेच निवडले.

स्क्रिप्ट लिहिताना

प्लेराइटमधील कोडजेन ही सोय प्रथम वापरावी. आपण ब्राउझरमध्ये हाताने काम करत जावे आणि तिने त्याच्या सूचना लिहीत जावे, अशी ती रचना आहे. तिने लिहिलेला मजकूर कच्चा मसुदा समजावा. पानावरील घटक शोधताना तिसऱ्या तक्त्यातली पाचवी पेटी अशा स्थानावर अवलंबून न राहता ‘अहवाल उतरवा’ असे नाव असलेले बटण किंवा ‘पासून तारीख’ असे लेबल असलेली चौकट, अशा वाचता येणाऱ्या खुणांवर अवलंबून राहावे, कारण मांडणी बदलते तेव्हा स्थान हमखास बदलते, पण नाव बहुधा टिकते.

दर वेळी नव्याने लॉगिन करू नये. एकदा लॉगिन झाल्यावर कुकीज आणि स्थानिक साठा एका फाइलमध्ये जपून ठेवण्याची सोय प्लेराइटमध्ये आहे, आणि पुढच्या वेळी तीच फाइल देऊन थेट आतल्या पानावर जाता येते. ही फाइल ज्याच्या हाती पडेल तो खात्यात शिरू शकतो, म्हणून ती पासवर्डइतकीच जपावी. लॉगिनची मुदत संपल्यावर संकेतस्थळ मुकाट्याने लॉगिनच्या पानावर नेऊन सोडते. त्यामुळे आत गेल्यावर पुरवठादाराचे नाव पानावर दिसते का, हे स्क्रिप्टने तपासावे आणि दिसत नसल्यास तेथेच थांबून तसे कळवावे.

फाइल उतरवताना एका गोष्टीने मला एक दुपार अडवून ठेवले होते. प्लेराइटने उतरवलेली फाइल तात्पुरत्या जागी असते आणि ब्राउझरचे ते सत्र बंद होताच नाहीशी होते. बटण दाबण्यापूर्वीच उतरवण्याच्या घटनेची वाट पाहणे सुरू करावे, फाइल आली की ती ठरलेल्या फोल्डरमध्ये तारखेच्या नावाने जतन करावी आणि मगच ब्राउझर बंद करावा.

स्वल्पविरामाने घातलेला घोळ

माहिती सेवेकडे पाठवण्यापूर्वी स्वच्छ करणे हे स्क्रिप्टचे काम आहे. ते सेवेवर ढकलू नये. हे मी एका चुकीतून शिकलो. अहवालात रक्कम ‘१,२५,०००’ अशी, आपल्याकडच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन येत असे. जावास्क्रिप्टमध्ये मजकुरातून दशांश संख्या काढणारे पार्सफ्लोट हे फंक्शन पहिला स्वल्पविराम दिसताच वाचणे थांबवते आणि कोणतीही तक्रार न करता १ हे उत्तर देते. सव्वा लाखाचे बिल शीटमध्ये एक रुपया म्हणून उमटले. त्या दिवशीच्या एकूण येण्याची बेरीज काही शेकड्यांत आली, तेव्हा दिवाणजींनी ते पकडले. सगळी यंत्रणा हिरव्या खुणा दाखवत होती.

म्हणून आधी सगळे स्वल्पविराम, रुपयाचे चिन्ह आणि मोकळ्या जागा काढाव्यात, मग नंबर या कडक फंक्शनने रूपांतर करावे, कारण अंकांखेरीज काही उरले असल्यास ते संख्या देत नाही. मात्र रिकामा रकाना त्यालाही शून्य वाटतो, म्हणून रक्कम रिकामी नाही ना, हे वेगळे तपासावे. आम्ही आणखी एक तपासणी ठेवली आहे. अहवालाच्या तळाशी खरेदीदाराने दिलेली बेरीज आणि आपण वाचलेल्या ओळींची बेरीज जुळली नाही, तर काहीही न पाठवता चूक कळवावी. तारखांनाही हीच शिस्त लावावी. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा निर्णय गुगल शीट आपल्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनुसार घेते, म्हणून वर्ष, महिना, दिवस या क्रमानेच तारीख पाठवावी.

पाकिटात काय असावे

स्क्रिप्टने सेवेकडे पाठवायचा जेसन मजकूर (नाव आणि किंमत अशा जोड्यांत मांडलेली माहिती) मी पाकीट समजतो, आणि पाकिटावर काय लिहायचे हे कोड लिहिण्यापूर्वी कागदावर ठरवतो. सगळ्या ओळी एकाच पाकिटात जाव्यात. त्यांच्याबरोबर कामाचे नाव, अहवालाची तारीख, माहिती प्रत्यक्ष कोणत्या क्षणी वाचली ती वेळ, ओळींची संख्या, निकाल आणि या फेरीचा अद्वितीय क्रमांक असावा. वेळ लिहिताना शेवटी +०५:३० अशी भारतीय वेळेची खूण द्यावी. एन-एट-एन स्वतः बसवल्यास त्याची मूळ वेळ न्यूयॉर्कची असते आणि ती सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता अशी बदलावी लागते. गिटहब अ‍ॅक्शन्स या ऑनलाइन सेवेवर स्क्रिप्ट चालवणाऱ्यांनी तेथील वेळापत्रक मुळात यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, असते हे ध्यानात ठेवावे. सकाळी ७ ला काम हवे असेल, तर तेथे १ वाजून ३० मिनिटे लिहावी लागतात.

निकालाच्या जागी केवळ ‘यश’ आणि ‘अपयश’ असे दोन शब्द पुरत नाहीत. तिसरा शब्द लागतो, तो म्हणजे ‘नोंद नाही’. दिवाळीच्या सुमारास शून्य पेमेंटसाठी, म्हणजे जुने देणे-घेणे मिटवण्यासाठी, आपल्याकडे बेदाण्याचे सौदे काही काळ बंद ठेवतात. त्या दिवसांत अहवालात बेदाण्याची एकही नवी ओळ नसणे बरोबरच असते. एरवी हंगामात शून्य ओळी आल्या, तर मात्र पान नीट उघडलेच नसण्याची शक्यता अधिक असते. पानावर ‘या तारखेस नोंद नाही’ असे वाक्य प्रत्यक्ष दिसले तरच ‘नोंद नाही’ म्हणावे, आणि तक्ताही दिसला नाही व ते वाक्यही दिसले नाही, तर ‘अपयश’ म्हणावे.

वेबहूक जोडणे

वर्कफ्लो सेवेत वेबहूकपासून सुरू होणारा नवा वर्कफ्लो तयार केला की सेवा एक पत्ता देते आणि स्क्रिप्टने त्या पत्त्यावर एचटीटीपी पोस्ट पद्धतीने पाकीट टाकायचे असते. एन-एट-एनमध्ये असे दोन पत्ते मिळतात. चाचणीचा पत्ता आपण पडद्यावर ऐकण्याचे बटण दाबलेले असतानाच चालतो आणि प्रत्यक्ष वापराचा पत्ता वर्कफ्लो सक्रिय केल्यावरच चालतो. दुपारी चाचणी नीट झाली आणि सकाळी ४०४, म्हणजे ‘पत्ता सापडला नाही’, असे उत्तर आले, तर स्क्रिप्टमध्ये चाचणीचा पत्ता राहून गेला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

पत्ता लांबलचक आणि न कळण्याजोगा आहे म्हणून तो सुरक्षित आहे, असे समजू नये. वेबहूकला हेडरमधून (पाकिटाबरोबर जाणाऱ्या वरच्या माहितीतून) गुप्त टोकन, म्हणजे ओळखीचा शब्द, तपासण्याची अट घालावी, म्हणजे टोकन नसलेले पाकीट दारातूनच परत जाईल.

सेवेने दिलेल्या उत्तराचा आकडा स्क्रिप्टने वाचलाच पाहिजे. २०० च्या घरातले उत्तर म्हणजे पाकीट पोहोचले. ४२९ म्हणजे फार घाई होत आहे, आणि ५०० च्या घरातले उत्तर म्हणजे समोरची बाजू अडचणीत आहे. या दोन्ही वेळी थांबून पुन्हा पाठवावे, पहिल्यांदा दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, आणि पाच प्रयत्नांनंतर थांबावे. ४०० किंवा ४०१ आले, तर पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, कारण पाकीट किंवा टोकनच चुकलेले असते.

पुन्हा पाठवण्यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. पाकीट पोहोचले, पण पोच परत येण्याआधी दुकानातले इंटरनेट गेले, तर स्क्रिप्ट तेच पाकीट पुन्हा टाकते आणि एक बिल शीटमध्ये दोनदा दिसते. यासाठी शीटमध्ये ओळ केवळ जोडत जाऊ नये. बिल क्रमांक आणि लॉट क्रमांक मिळून एक खूण बनवावी आणि ती खूण आधीपासून असल्यास तीच ओळ अद्ययावत करावी, नसल्यासच नवी जोडावी. एन-एट-एनच्या गुगल शीट नोडमध्ये ही कृती तयार आहे. टेलिग्रामच्या निरोपाआधी मात्र फेरीचा क्रमांक पूर्वी येऊन गेला आहे का, हे वेगळे तपासावे, कारण एकदा वाचला गेलेला निरोप परत घेऊन उपयोग नसतो. टेलिग्रामच्या एका निरोपात ४०९६ अक्षरांपर्यंतच मजकूर जातो, म्हणून साठ ओळी निरोपात न भरता बेरीज, उशिराची बिले आणि शीटचा दुवा एवढेच पाठवावे.

उलट दिशेने: सेवेने ब्राउझरला काम सांगणे

कधी मालकांना दुपारी अचानक आकडे हवे असतात आणि त्यांनी टेलिग्रामवर ‘ताजे’ असा शब्द पाठवला की स्क्रिप्ट चालावी, अशी सोय हवी असते. येथे दोन अडचणी येतात. पहिली वेळेची. वर्कफ्लो सेवा उत्तराची फार वेळ वाट पाहत नाही आणि ब्राउझरच्या कामाला दोन-तीन मिनिटे सहज लागतात. म्हणून स्क्रिप्टच्या बाजूने विनंती मिळताच २०२, म्हणजे ‘स्वीकारले’, एवढेच उत्तर द्यावे, काम रांगेत लावावे आणि ते पूर्ण झाल्यावर निकालाचे पाकीट नेहमीच्या वेबहूकवर टाकावे. एन-एट-एनमध्ये वर्कफ्लो मध्येच थांबवून ठेवणारा वेट नोड आहे. त्या फेरीपुरता मिळणारा परतीचा पत्ता विनंतीबरोबर पाठवला, तर निकाल आल्यावर थांबलेला वर्कफ्लो तेथूनच पुढे सुरू होतो.

दुसरी अडचण पत्त्याची. सेवा क्लाउडवर आणि स्क्रिप्ट दुकानातल्या संगणकावर असेल, तर सेवेला आपला लोकलहोस्ट, म्हणजे संगणकाचा फक्त आतून चालणारा पत्ता, सापडत नाही. एनग्रोक किंवा क्लाउडफ्लेअर टनेल या साधनांनी बाहेरून आत येण्याचा मार्ग करता येतो. पण दुकानाच्या संगणकाचे दार बाहेरच्या जगाला उघडण्यापेक्षा दुकानातल्या स्क्रिप्टनेच दर मिनिटाला ‘काही काम आहे का’ असे सेवेला विचारावे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. एका मिनिटाचा उशीर येथे कोणालाही जाचक नाही. आणखी एक काळजी घ्यावी. एकाच खात्यात एकाच वेळी दोन फेऱ्या चालू देऊ नयेत, कारण अनेक संकेतस्थळे दुसरे लॉगिन होताच पहिल्याला बाहेर काढतात.

निरोप आला नाही, तर

चूक झाली की स्क्रिप्ट कळवेल, हे खरे, पण वीज गेल्यामुळे संगणकच बंद असेल तर कळवणार कोण? यासाठी वर्कफ्लो सेवेतच दुसरा, अगदी लहान वर्कफ्लो ठेवावा. तो रोज सकाळी ८ वाजता जागा होतो, आजच्या तारखेचे पाकीट आले आहे का ते पाहतो आणि नसेल तर ‘आजचा अहवाल आलेला नाही, कृपया हाताने पाहावे’ असा निरोप दिवाणजींना देतो. सेवाही त्याच संगणकावर असेल, तर हा पहारेकरी उपयोगाचा नाही. तो दुसऱ्या ठिकाणी असला पाहिजे, आणि आमचे एन-एट-एन दुकानातच असल्यामुळे आम्ही तेवढ्यापुरते बाहेरचे एक छोटे खाते वापरतो.

शिळ्या माहितीचा धोका तर याहून मोठा आहे. पान उघडते, तक्ता दिसतो, पण तो कालचा असतो. याचे गांभीर्य सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि पाणी चढत असताना तीन तासांपूर्वीचा आकडा ‘आत्ताचा’ म्हणून कोणी पुढे धाडला, तर त्यावर विसंबून घर सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्याचे काय होईल, याचा विचार करावा. आमचा विषय बिलांचा असला तरी नियम तोच ठेवला आहे. प्रत्येक निरोपात माहिती वाचल्याची वेळ आणि अहवालावर छापलेली वेळ अशा दोन्ही वेळा असतात, आणि दोहोंत एका दिवसाहून अधिक अंतर पडले, तर निरोपाच्या पहिल्याच ओळीत ‘जुनी माहिती’ असे शब्द येतात.

अपयशाच्या वेळी स्क्रिप्टने त्या क्षणी पडद्यावर काय होते, त्याचे चित्र जतन करावे. प्लेराइटमध्ये संपूर्ण फेरीचा माग जपून नंतर एकेक पाऊल पाहण्याचीही सोय आहे. मात्र हे चित्र टेलिग्रामच्या गटात टाकू नये, कारण त्यात शेतकऱ्यांची नावे आणि रकमा असतात. एन-एट-एन प्रत्येक फेरीतील माहितीही स्वतःकडे साठवून ठेवते, म्हणून तो साठा किती दिवसांनी पुसायचा, हे सेटिंगमध्ये ठरवावे. बँक खात्याचे क्रमांक तर पाकिटात घालूच नयेत, आम्हाला ते निरोपासाठी कधी लागलेच नाहीत. पासवर्ड आणि टोकन स्क्रिप्टच्या मजकुरात न लिहिता संगणकाच्या पर्यावरण चलांत (प्रोग्रामबाहेर जपलेल्या सेटिंगमध्ये) ठेवावेत, आणि दुकानातला माणूस बदलला की त्याच दिवशी तेही बदलावेत.

यंत्रणा तयार झाल्यावर हाताचे काम लगेच थांबवू नये. आम्ही पंधरा दिवस दोन्ही शेजारी-शेजारी चालवले. दिवाणजी नेहमीप्रमाणे आपली शीट भरत, स्क्रिप्ट वेगळ्या शीटमध्ये भरत असे आणि संध्याकाळी दोहोंच्या बेरजा जुळवल्या जात. त्या पंधरवड्यात तीन फरक निघाले. दोन स्क्रिप्टचे होते आणि एक हाताने चिकटवताना सुटलेल्या ओळीचा होता. तिन्ही दुरुस्त झाल्यावर, पहारेकरी वर्कफ्लो खरोखर बोलतो का हे पाहण्यासाठी, एका सकाळी संगणक मुद्दाम बंद ठेवला आणि ८ वाजता दिवाणजींच्या फोनवर निरोप आल्यानंतरच जुनी शीट बंद केली.